कार्टर फॅमिलीचं पोट कशावर चाललं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचा चौघांचा लोकसंगीताचा गट आहे. गावोगावची जुनी गाणी शोधतो, थोडी बदलून गातो. अमेरिकेतल्या कार्टर फॅमिलीचं नाव या क्षेत्रात सगळे घेतात, पण तो गट फार वर्षं टिकला नाही आणि घरातही फाटलं असं ऐकलं. मग त्यांची कारकीर्द चालली तरी कशावर? आणि आम्ही त्यातून काय घ्यायचं?"

मी बत्तीस वर्षं गिटार वाजवतोय. त्यातली निम्मी ऑर्केस्ट्रात आणि गणपतीच्या मांडवात गेली, उरलेली शिकवण्यात. मेबेल कार्टरचा उजवा अंगठा कसा चालायचा हे हाताला कळायला मला दोन वर्षं लागली. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी गटात कोण होतं ते बघू, कारण निम्मं उत्तर त्यात आहे. व्हर्जिनिया राज्याच्या नैऋत्य टोकाला, क्लिंच डोंगराच्या पायथ्याशी 'पुअर व्हॅली' नावाचं खोरं आहे. नावातच गरिबी. तिथला ए. पी. कार्टर, जन्म १८९१. फळझाडांची कलमं विकत तो गावोगाव हिंडायचा. त्याच्या हाताला आणि आवाजाला कायमचा कंप होता. त्याची बायको सेरा, खणखणीत, खालच्या पट्टीतल्या आवाजाची. ए. पी. कलमं विकायला डोंगरापलीकडे गेला असताना ती ऑटोहार्प वाजवत गात बसलेली त्याला दिसली, अशी आख्यायिका सांगतात. ऑटोहार्प म्हणजे दिसायला आपल्या स्वरमंडळाची बहीण. फक्त वर पट्ट्या असतात, पट्टी दाबली की नको त्या तारांवर कापड बसतं आणि हवी तेवढीच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजते. तिसरी मेबेल, जन्म १९०९, सेराची मावसबहीण. ए. पी.चा भाऊ एझ्रा याच्याशी तिचं लग्न झालं, म्हणून जाऊही.

म्हणजे एकाकडे गाणी, एकीकडे गळा, एकीकडे हात. ए. पी. गायक म्हणून बेभरवशाचा. मनात आलं तर मधेच खालच्या सुरात साथ द्यायचा, नाहीतर खिडकीतून बाहेर बघत उभा. आजचा कुठलाही व्यवस्थापक त्याला पहिल्या आठवड्यात काढून टाकेल. पण गाणी आणणारा तोच होता आणि गटाचा दाणागोटा त्या गाण्यांवरच आला.

आता १९२७. व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीसाठी राल्फ पीअर नावाचा माणूस ब्रिस्टल गावी आला. हे गाव टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवर आहे. स्टेट स्ट्रीट नावाच्या मुख्य रस्त्याच्या मधून राज्यांची हद्द जाते. टेनेसीच्या बाजूला हॅट कंपनीच्या एका रिकाम्या इमारतीत त्याने भिंतींवर गोधड्या-ब्लँकेटं टांगली आणि २५ जुलै ते ५ ऑगस्ट असा तळ ठोकला. ध्वनिमुद्रण जाड मेणाच्या चकतीवर व्हायचं, ती फिरवायला खाली सरकणारं वजन, विहिरीच्या रहाटासारखं. पण माइक विजेचा होता, आणि सगळी गोम तिथे आहे. त्याआधी भोंग्यात तोंड घालून ओरडावं लागे. विजेच्या माइकमुळे ओसरीवर बसून गातो तसा साधा आवाजही तबकडीवर उतरू लागला. सेराचा आवाज दहा वर्षं आधी कुणी मुद्रित केला असता तर तो 'असा' ऐकू आला नसता.

पीअरला सुरुवातीला फारसे लोक मिळेनात. मग स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलं की अर्नेस्ट स्टोनमन या त्याच भागातल्या गायकाला आदल्या वर्षी तबकड्यांतून ३,६०० डॉलर मिळाले. झालं! दुसऱ्या दिवसापासून डोंगरातून रीघ.

कार्टर मंडळी भावाची गाडी मागून आली. गाडीच्या बदल्यात ए. पी.ने भावाच्या मक्याच्या शेतातलं तण काढून द्यायचं कबूल केलं होतं म्हणतात. पंचवीस-सव्वीस मैलांचा रस्ता, भर उन्हाळ्याचा उकाडा, टायर पंक्चर. मेबेल अठरा वर्षांची आणि आठव्या महिन्याची गरोदर. सेराचं तान्हं पोर सोबत, त्याला सांभाळायला थोरली मुलगी. १ ऑगस्टला चार गाणी, २ ऑगस्टला दोन. दुसऱ्या दिवशीच्या एका गाण्यात मोकळी मुलगी आणि लग्न झालेली मुलगी यांच्या नशिबाची तुलना आहे. सेराला ते गाणं आवडत नव्हतं, पीअरच्या आग्रहाखातर तिने एकटीने गायलं, ए. पी.चा आवाज त्यात नाही. तेच चाललं. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत माहेर-सासरचं जे दुखणं आहे, तेच ते. हे गाणं ऐकून माझ्या आईने, इंग्रजीचा एक शब्द कळत नसताना, "रडतेय का ही?" असं विचारलं होतं.

आता मुद्द्याचा पैसा. दर गाण्याला ५० डॉलर रोख आणि विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे दर गाण्याला अर्धा सेंट रॉयल्टी, असा करार. म्हणजे दोन दिवसांत सहा गाण्यांचे ३०० डॉलर. पुढे मेबेलने गिब्सनची एल-५ ही गिटार घेतली ती २७५ डॉलरला, म्हणजे जवळजवळ त्या दोन दिवसांच्या पूर्ण कमाईला एक वाद्य. (तीच गिटार आज नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये काचेत आहे.) अर्धा सेंट ऐकायला चिल्लर वाटते. पण तबकडीला दोन बाजू, दोन्हींवर यांचीच गाणी, म्हणजे ७५ सेंटच्या तबकडीमागे एक सेंट. लाखभर तबकड्या खपल्या की हजार डॉलर. १९३० संपेपर्यंत त्यांच्या तबकड्यांचा खप तीन लाखांच्या घरात गेला होता. डोंगरातल्या शेतकऱ्याला, ज्याला वर्षभर रोकड क्वचित दिसायची, ही रक्कम कशी वाटली असेल याचा अंदाज करा.

पण खरा शहाणा पीअर. व्हिक्टरकडून तो पगार जवळजवळ घेतच नव्हता. त्याऐवजी गाण्यांचे प्रकाशनहक्क स्वतःकडे ठेवायचा. १९२८ मध्ये त्याने सदर्न म्युझिक ही प्रकाशन कंपनी काढली, आजची पीअरम्युझिक ती हीच. त्यामुळे त्याची अट एकच असे: गाणं असं हवं की ज्यावर हक्क नोंदवता येईल. एकतर नवं रचलेलं, नाहीतर जुनं पण इतकं बदललेलं की नवं म्हणून चालेल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. कार्टर फॅमिलीचं पोट कार्यक्रमांवर कधीच नव्हतं. कार्यक्रम व्हायचे ते शाळेच्या खोलीत नाहीतर चर्चमध्ये, तिकीट १५ आणि २५ सेंट, आणि जाहिरातीच्या कागदावर ठळक छापलेलं, 'हा कार्यक्रम नीतीच्या दृष्टीने चांगला आहे.' (तमाशाच्या आणि सभ्य कार्यक्रमाच्या फलकांतला फरक आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.) त्यातून रात्रीच्या जेवणाचा खर्च निघाला तरी खूप. ते जगले ते गाण्यांच्या साठ्यावर. पीअरला दर खेपेला डझनभर नवी गाणी हवी असायची. मे १९२८ मध्ये न्यू जर्सीतल्या कॅम्डनला दोन दिवसांत बारा गाणी मुद्रित झाली, आणि गटाची ओळख बनलेली बरीच गाणी त्या बारांत आहेत. एवढी गाणी आणायची कुठून?

तर ए. पी. पुन्हा दारोदार हिंडू लागला, या वेळी कलमं विकायला नाही, गाणी वेचायला. कुणाच्या आजीकडे एखादं शोकगीत, कुणाच्या पेटीत जुन्या छापील गाण्याचा कागद. शब्द तो उतरवून घ्यायचा, पण चाल त्याच्या डोक्यात राहत नसे. इथे एक चौथा माणूस येतो, ज्याचं नाव एकाही तबकडीवर नाही. लेस्ली रिडल, कृष्णवर्णी गिटारवादक, टेनेसीतल्या किंग्जपोर्टमध्ये ए. पी.ला भेटलेला. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक पाय गेला होता, उजव्या हाताची दोन बोटंही नव्हती. दोघं मिळून फिरायचे, ए. पी. शब्द घ्यायचा, रिडल चाल. काळ्या वस्तीत शिरताना रिडल पुढे. वर्णभेदाच्या त्या दक्षिणेत या जोडीने फिरणं सोपं नव्हतं. घरी परतल्यावर रिडल ती चाल सेरा आणि मेबेलला वाजवून दाखवायचा, आणि मेबेलने त्याच्याकडून गिटारमधलंही बरंच उचललं. १९६० च्या दशकात माइक सीगर या लोकसंगीताच्या संग्राहकाने त्याला शोधून काढून मुद्रित केलं, तोवर जगाला तो माहीत नव्हता. कार्टर फॅमिलीची गोष्ट सांगताना रिडलला तळटीपेत टाकणारे लोक मला आवडत नाहीत.

गोळा केलेल्या गाण्यांचं पुढे काय व्हायचं? मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीत एका बाजूला तीन मिनिटं. वीस-वीस कडव्यांचं लांबलचक कथागीत त्यात मावत नाही. मग ए. पी. तीन-चार कडवी राखायचा, ध्रुपद नसेल तर एखादी ओळ ध्रुपदासारखी फिरवायचा, अडखळणारे शब्द काढायचा. 'वाइल्डवुड फ्लॉवर' हे त्यांचं सगळ्यात प्रसिद्ध गाणं मुळात १८६० चं, बैठकीत म्हणायचं शहरी गाणं. डोंगरात तोंडातोंडी फिरून त्यातले शब्द पार मोडून गेलेले होते; काही ओळींना तर धड अर्थ नाही. त्यांनी ते तसंच गायलं. 'कीप ऑन द सनी साइड' मूळचं १८९९ चं, छापील भक्तिगीत. आणि तबकडीवर कर्ता म्हणून नाव? ए. पी. कार्टर.

चोरी का? मला हा प्रश्न विद्यार्थी दर वर्षी विचारतात आणि मी दर वर्षी वेगळं उत्तर देतो. संपादन, बांधणी, मुखडा शोधणं हे खरं काम आहे, त्याचे पैसे मिळायला हवेत. पण ज्या म्हातारीने गाणं दिलं तिला काही मिळालं नाही, रिडललाही कर्तेपण मिळालं नाही. आपल्याकडे साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या तेव्हा स्वतःला त्यांचा कवी म्हणवलं नाही. अर्थात त्यांच्यामागे राल्फ पीअर अर्ध्या सेंटचा हिशेब घेऊन उभा नव्हता.

आता मेबेलच्या हाताबद्दल. तिच्याआधी गिटार म्हणजे मागे झणझण ठेका धरणारं वाद्य. पुढे फिडल (म्हणजे व्हायोलिन) किंवा बँजो. मेबेलने अंगठ्याने खालच्या सुरांच्या जाड तारांवर चाल वाजवली आणि त्याच वेळी तर्जनीने वरच्या बारीक तारांवर ठेका झाडला. चाल आणि ठेका एकाच उजव्या हातात, म्हणजे पेटीवाला आणि ढोलकीवाला एकाच माणसात. तीन माणसांच्या गटाला चौथ्याची गरज उरली नाही. त्याला 'कार्टर स्क्रॅच' म्हणतात, आणि पुढे अमेरिकेतला जवळपास प्रत्येक लोकगिटारवादक त्यातून गेला. ही करामत अवघड आहे, पण अशक्य नाही. ओसरीवर बसून शिकता येईल इतकीच अवघड. म्हणूनच पसरली. आमच्याकडे काही वादक मुद्दाम असं वाजवतात की दुसऱ्याला येऊच नये. त्यांचं वाजवणं त्यांच्याबरोबर जातं.

घराचं फाटणं तुम्ही विचारलंत. ए. पी. महिनोन्‌महिने गाण्यांमागे बाहेर. सेरा घरी तीन मुलं, शेती आणि लाकूडफाटा बघत. त्यात तिचं मन ए. पी.च्याच चुलतभावावर, कॉय बेजवर जडलं. १९३२ च्या सुमारास ती डोंगरापलीकडे माहेरच्या गावी राहायला गेली, पुढे घटस्फोट झाला. पण गट मोडला नाही! मुद्रणाची तारीख आली की दोघं येऊन एकाच माइकसमोर उभे राहायचे. पीअरच्या बायकोने सेराला समजावलं होतं की संसार संपला तरी धंदा सोडू नकोस. दरम्यान महामंदी आली, तबकड्यांचा खप कोसळला, ए. पी. कामासाठी उत्तरेला डेट्रॉइटला गेला. कंपन्याही बदलल्या: व्हिक्टर, मग एआरसी, मग डेका.

मग रेडिओ. १९३८ मध्ये त्यांना टेक्सासच्या डेल रिओजवळ, नदीपलीकडे मेक्सिकोच्या हद्दीत असलेल्या 'एक्सईआरए' केंद्रावर काम मिळालं. केंद्र डॉ. ब्रिंक्ली याचं, हा बोकडाच्या ग्रंथी माणसांत बसवून पौरुष परत आणून देतो म्हणणारा भोंदू. अमेरिकेत ५० हजार वॉटची मर्यादा होती. याचा मनोरा पलीकडच्या देशात, शक्ती पाच लाख वॉट. प्रायोजक पेरुना नावाचं टॉनिक आणि केस काळे करायचा रंग विकायचा. प्रत्येकाला आठवड्याला ७५ डॉलर आणि वर्षातले सहा महिने सुट्टी. मंदीत हे सोनं होतं. तबकडी घ्यायला पैसे नसलेल्या घरांतही आता ते पोचले. आर्कान्सातल्या कापसाच्या शेतावर जॉनी कॅश नावाचा पोरगा, पुढचा नामवंत गायक, ऐकत होता. आणि १९३९ च्या सुरुवातीला सेराने त्याच माइकवरून एक गाणं कॅलिफोर्नियात गेलेल्या कॉयला उद्देशून म्हटलं, ए. पी. शेजारी असताना. कॉय आला, त्याच महिन्यात लग्न झालं. मालिकेत घातलं तर प्रेक्षक म्हणतील अति झालं.

१९४१ मध्ये शेवटचं मुद्रण, १९४३ मध्ये सेरा कायमची कॅलिफोर्नियाला गेली आणि गट संपला. सोळा वर्षं, तीनशेच्या आसपास गाणी.

पुढचं मेबेलनं केलं. हेलन, जून, अनिता या तीन मुलींना घेऊन रिचमंड, नॉक्सव्हिल, मिसुरीतलं स्प्रिंगफील्ड अशी रेडिओची गावं करत १९५० मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमात. सोबत तरुण चेट अ‍ॅटकिन्स गिटारवर. ए. पी.ने गावात किराणा दुकान टाकलं आणि १९६० मध्ये तो गेला, बहुतेकांना पत्ता नसताना. त्याच सुमारास रॉक अँड रोलच्या लाटेत मेबेलचीही कामं आटली होती. ती नॅशव्हिलमध्ये रात्रपाळीला रुग्णसेवा करत होती. अमेरिकेच्या गिटारचा पाया घातलेली बाई रात्री रुग्णांच्या उशाशी. मग कॉलेजातल्या पोरांना लोकसंगीताचं वेड लागलं, १९६३ मध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात तिला बोलावलं, जॉनी कॅशच्या दौऱ्यात ती मुलींसह आली, १९७० मध्ये मूळ कार्टर फॅमिली हॉल ऑफ फेममध्ये गेली, तिथला पहिला गट. वुडी गथ्री या लोकगायकाने तोवर त्यांच्या चाली उचलून आपले शब्द बसवले होते. त्याचं सर्वात गाजलेलं गाणं कार्टर मंडळींच्या १९३० च्या एका भक्तिगीताच्या चालीवर आहे. गोळा केलेलं गाणं असं पुन्हा पसरतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर: कार्यक्रमांची संख्या मोजू नका, गाणी मोजा. वर्षाला पन्नास प्रयोग आणि तीच बारा गाणी, यात गट थकतो. हक्कांचं आजच बघा. मी नव्वदच्या दशकात एका कॅसेट कंपनीला आठ चाली एकरकमी विकल्या, सही केलेला कागद नीट वाचलाही नाही. त्यातली दोन अजून लग्नाच्या बँडवर वाजतात आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहून ऐकतो. आता कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा असा विकून टाकता येत नाही. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घ्या, गायक-वादकांनी त्यांच्यासाठीच्या इसाम्राचं (पूर्वीची इस्रा). पारंपरिक शब्द कुणाच्याच मालकीचे नसतात, तुमची बांधणी मात्र तुमची. नोंदवताना 'पारंपरिक, बांधणी अमुक' असंच लिहा. आणि ज्या आजीकडून ओवी घेतली तिचं नाव, गाव, तारीख वहीत टाका, तबकडीवर नाही तर वर्णनात तरी द्या, पैसे आले की थोडे पोचवा. चौघांत वाटणी कशी, आणि एक जण सोडून गेला तर कशी, हे भांडण नसताना लिहून ठेवा. कार्टरांचं घर मोडल्यावरही गट दहा-अकरा वर्षं चालला, कारण कुणाचं काम काय हे कधी वादात नव्हतं.

तुमच्यापैकी गिटार वाजवतो त्याच्यासाठी शेवटचं. 'वाइल्डवुड फ्लॉवर' सी कॉर्डच्या आकारात घे, लय निम्मी कर. आधी फक्त अंगठा, नुसती चाल, महिनाभर. मग तर्जनी, फक्त खालच्या दिशेने. वरच्या दिशेचा झटका मोह घालेल, पहिले सहा महिने घालू नकोस, नाहीतर चाल ठेक्याखाली गाडली जाते. माझी अजून जाते कधी कधी.